तुमच्या शाळेत लपायला जागा कुठंय?

आमचे केंद्रप्रमुख साहेब शाळेत कधी सरळ फाटकातून आले नाहीत. फाटकाच्या अलीकडेच कुठंतरी, एखाद्या केळीच्या वाडीपाशी स्कूटर उभी करायचे, हेल्मेट आरशाला अडकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. किती वेळ, ते त्यांनाही ठाऊक नसायचं. समुद्राकडचा वारा सुटलेला असायचा, केळीची फाटकी पानं एकमेकांवर घासायची, त्यांची सावली साहेबांच्या पांढऱ्या बुशशर्टावरून हलत राहायची. ते जागे आहेत की उभ्या उभ्या डुलकी घेतायत, हे जवळ जाऊनही सांगता यायचं नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. मी देशावरची. बदलीने वसईत आले, विरारला भाड्याने फ्लॅट घेतला आणि वाड्यांमधल्या एका लहानशा प्राथमिक शाळेत रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या मागच्या खिडकीतून बघते तर एक टकलू माणूस केळीच्या घडाखाली गप्प उभा. मला वाटलं, घड उतरवायचा बेत दिसतोय. मी खिडकीतूनच खडसावलं, "ओ काका, काय पाहिजे तिथं?"

त्यांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. "थांबा बाई. तुमच्या दुसरीचे पाढे चाललेत."

पाढे संपले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "सगळीकडची पोरं साताच्या पाढ्यात अडखळतात. तुमची आठाच्यात अडखळली. म्हणजे सात तुम्ही मन लावून घेतलाय." आणि मग, जणू पत्ता विचारावा तसं, "मी तुमचा केंद्रप्रमुख. आत येऊ का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या जवळजवळच्या शाळांचं एक टोपलं करून ते ज्याच्या डोक्यावर दिलेलं असतं, तो केंद्रप्रमुख. आमच्या टोपल्यात वाड्यांमधल्या शाळा होत्या, मिठागराकडची एक होती, आणि मुख्य रस्त्यापलीकडची, नव्या टॉवरांच्या पायथ्याची एक मोठी शाळा होती. साहेबांनी सगळीकडे फिरायचं, कुठं काय चाललंय ते वर कळवायचं आणि वरून जे येईल ते खाली पोचवायचं. यातलं फिरणं त्यांना मनापासून आवडायचं. वर कळवायची वेळ आली की त्यांचा फोन हमखास बंद असायचा.

"बघायला गेलं की शाळा केस विंचरून बसते, बाई," ते म्हणायचे. "ऐकायला गेलं की घरात असते तशी असते."

त्यांच्या कानात प्रत्येक शाळेचा आवाज वेगळा होता. मिठागराकडच्या शाळेला वाऱ्याशी भांडायची सवय, तिथली मुलं गुपितसुद्धा ओरडून सांगतात. मोठ्या शाळेत कोकणातली, खानदेशातली, गुजरातची, बिहारची अशी सगळीकडची मुलं, आणि त्या साऱ्या बोलण्याचं मिळून एक जाड गुणगुणणं तयार होतं, त्यातला शब्द कळत नाही पण ऐकत बसावंसं वाटतं. आणि आमची शाळा? "तुमचा आवाज बारीक आहे," ते म्हणाले, "पण तुटत नाही." मी त्या रात्री घरी जाऊन हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पट कमी असल्यावर आवाज बारीकच येणार, त्यात काय एवढं. त्याचंही बरोबरच होतं.

शाळा एकदम गप्प असली की मात्र साहेब कासावीस व्हायचे. मग वाडीतून थेट धावत यायचे, चपलांना चिखल, बुशशर्टाला केळीचा डाग. "काय झालं? कुणी ओरडलं का मुलांना?" एकदा असेच धापा टाकत आले तर मुलं खिचडी खात होती. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी डाव हातात घेऊनच त्यांना दारात अडवलं. "आले बघा ऐकनारे सायेब! अवो, पोरं जेवताना बोलतील कशी? बसा, पानी देते. का पानी पन ऐकूनच पिता?"

साहेब खरंच बसले आणि तांब्याला कान लावला. मुलं हसून हसून लोळली.

आमची शाळा दोन शिक्षकी. दुसरे सर बहुतेक वेळ कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणाला जुंपलेले, म्हणजे मी, मावशी आणि मुलं. गावातली बागायतदारांची पोरं सकाळीच पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळांत जायची. आमच्याकडे उरायची ती वाड्यांत कामाला आलेल्या, जव्हार-मोखाड्याकडच्या घरांची, आणि ज्यांना व्हॅन परवडत नाही अशा इथल्याच दोनचार घरांची. त्यांत रंजना होती. दुसरीतली, काळीभोर, डोळ्यांत सदा झोप असल्यासारखी. ती शाळेत यायची, पण बोलायची नाही. हजेरीला हातसुद्धा वर करायची नाही, नुसती बघायची. मधल्या सुट्टीत कुठं नाहीशी व्हायची कुणास ठाऊक, घंटा झाली की परत जागेवर.

एरवी तपासणीला येणारे लोक मुलांना राजधान्या विचारतात, नाहीतर फळ्यावर गणित घालतात. आमचे साहेब उकिडवे बसायचे आणि अगदी हळू विचारायचे, "तुमच्या शाळेत लपायला जागा कुठंय?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मुलांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही जरा आत जा." मी वर्गात जाऊन बसले, माझ्याच शाळेत पाहुण्यासारखी. बाहेर कुजबूज, पावलं, मग बराच वेळ काही नाही. साहेब परत आले तेव्हा टकलाला कोळ्याचं जाळं चिकटलेलं, गुडघे मातीने भरलेले आणि चेहरा सणाच्या दिवशीचा. मी विचारलं, "दिसल्या का जागा?" तर म्हणाले, "ते सांगायचं नसतं."

असं त्यांनी प्रत्येक शाळेत केलेलं होतं. केंद्रातल्या झाडून सगळ्या शाळांमधल्या लपायच्या जागा या एका माणसाला माहीत होत्या, आणि तिथल्या एकाही शिक्षकाला नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं, की ज्या पोराला लपायला जागा असते, तेच आपणहून समोर येतं. मोठ्या शाळेवर ते त्या बाबतीत नाराज होते. नवी इमारत, चकचकीत फरशी, कोपऱ्या कोपऱ्यात कॅमेरा. "सगळं चांगलं आहे हो," ते हळहळायचे, "पण एक पोर मावेल अशी जागा नाही." आणि मग एक दिवस ते आमच्या शाळेच्या दारातूनच ओरडत आले, "सापडली! त्यांच्या चौथीतल्या एकाला सापडली!" कुठं, ते अर्थातच सांगितलं नाही. पण त्या आनंदात त्यांनी मावशींकडून दोनदा खिचडी मागून घेतली.

रंजनाने त्यांना तिची जागा दाखवली तो दिवस मला नीट आठवतो. सगळ्यांच्या दाखवून झाल्यावर ती आली, त्यांचं बोट धरलं आणि काही न बोलता शाळेच्या मागं घेऊन गेली. साहेब परतले. मी चहा दिला, तो निवला तरी त्यांनी घेतला नाही. जाताना नुसतं म्हणाले, "या पोरीला सांभाळा बाई." मला तेव्हा वाटलं, तब्येत बरी नसेल.

सुट्टीत एकदा त्यांनी मला त्यांच्या घरी बोलावलं. गिरीजला त्यांची वाडी आहे. नारळी, केळी, कडेला मोगरा, आणि एका बाजूला बावखल. मी हा शब्दच पहिल्यांदा ऐकत होते. बावखल म्हणजे वाडीतलं लहानसं तळं. त्यात पावसाचं गोडं पाणी साठतं आणि जमिनीखालून झिरपत आसपासच्या विहिरींना पोचतं. इतका समुद्र उशाला असून इथल्या विहिरी गोड राहिल्या त्या बावखलांमुळे. काठावर खुर्च्या टाकल्या होत्या. पाण्यावर हिरवी साय धरलेली, वर आंब्याची फांदी वाकलेली, आणि दूर कुठल्यातरी चर्चची घंटा वाजत होती, इतकी सावकाश की दोन ठोक्यांमध्ये आपण काय बोलत होतो ते विसरायला व्हावं.

वहिनींनी गवती चहा घालून केलेला चहा आणि सुकेळी, म्हणजे इथली उन्हात वाळवलेली केळी, आणून ठेवली. मी चेष्टेने साहेबांना विचारलं, "खरं सांगा, तुमच्या केंद्रातली सगळ्यात चांगली शाळा कुठली?"

उत्तर वहिनींनी दिलं. "अहो, यांना काय विचारता! हे मुली बघत हिंडले तेव्हासुद्धा कुठली चांगली ते यांना सांगता आलं नव्हतं. मी शेवटची. पुढं हिंडायचा कंटाळा आला म्हणून आमचं लग्न झालं."

साहेब मान हलवून हसले. मग म्हणाले, "कुठल्या विहिरीचं पाणी चांगलं, हे बाहेरचे लोक विचारतात, बाई. इथला माणूस नाही विचारत. खाली पाणी एकच आहे. आमच्या पलीकडच्या आळीत एकाने बंगल्यासाठी बावखल बुजवलं. त्याची विहीर होती तशीच राहिली. मचूळ झाली ती तिसऱ्याच घरची. त्या बाईला कळेचना, आपलं काय चुकलं."

त्यानंतर घंटा थांबली, वहिनी आत गेल्या, आणि साहेब बोलू लागले ते माझ्याशी की पाण्याशी, कळायला मार्ग नव्हता. त्यांना एक मोठा भाऊ, एकच इयत्ता पुढं, आणि सगळ्यात पहिला. वर्गात काहीही चुकलं की गुरुजी म्हणायचे, भावाकडे बघ. घरी तेच, वाडीत तेच. एका वर्षी निकालाच्या दिवशी गुरुजींनी दोघा भावांना सगळ्यांसमोर शेजारी शेजारी उभं केलं आणि दोघांचे निकाल वाचून दाखवले. तेवढ्या गर्दीतून धाकटा जो नाहीसा झाला तो दिवसभर कुणाला मिळाला नाही. विहिरीत गळ टाकून झाले. आई रडून रडून थकली. शेवटी ऊन उतरायच्या वेळी शाळेतल्या नव्या बाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "साईसुट्ट्यो!"

"आमच्याकडे लपाछपीत असं होतं," साहेबांनी समजावलं. "ज्याच्यावर राज्य असतं त्याने हार मानली, की त्याने साईसुट्ट्यो म्हणायचं. मग सगळ्यांनी बाहेर यायचं. कुणी बाद नाही. मी आलो बाहेर. बाईंनी काही विचारलं नाही, नुसती चड्डीची माती झटकली."

"कुठली शाळा ती?" मी विचारलं.

"तुमचीच की."

"आणि लपला होतात कुठं?"

"ते सांगायचं नसतं," साहेब म्हणाले. भावाबद्दल त्यांच्या मनात काही नव्हतं. भाऊ बिचारा आगाशीला असतो, दर गणपतीत येतो, दोघं मिळून आरास करतात.

आता खरी गोष्ट. त्या दिवाळीनंतर वरून आदेश आला. प्रत्येक केंद्रातल्या शाळांची एकमेकींशी तुलना करायची, वरपासून खालपर्यंत क्रम लावायचा, आणि सगळ्यात खाली जी लहान शाळा येईल ती शेजारच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकायची. क्रम लावायचा साहेबांनी. खाली कोण येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आमची शाळा गेली तर मुलांना मुख्य रस्ता ओलांडून मोठ्या शाळेत जावं लागणार होतं, आणि त्या रस्त्यावरून दिवसभर डंपर धावतात. आईबाप पहाटेपासून वाडीत राबणारे. कोण सोडणार, कोण आणणार? निम्मी मुलं घरी बसणार हे मला समोर दिसत होतं, आणि रंजना त्यांत पहिली. मी साहेबांना तसं स्पष्ट सांगितलं, जरा आवाज चढवूनच. ते म्हणाले, "बघू या." आणि नेहमीसारखा फोन बंद करून टाकला.

त्यांनी केलं काय? सगळ्या शाळांना एकच क्रमांक दिला. पहिला. कागद जसा गेला तसा परत आला. त्यांनी पुन्हा तोच पाठवला. तेव्हा वरच्यांनी ठरवलं, आपणच येऊन बघू.

इथं आमच्या पृथ्वीगोलाची हकिगत सांगणं भाग आहे. आमच्या अख्ख्या केंद्रात धड असा पृथ्वीगोल एकच. त्यालाही श्रीलंकेच्या खाली समुद्रात एक खड्डा पडलेला, बोट बुडेल एवढा. ज्या शाळेत तपासणी, त्या शाळेत गोल. हार्मोनियमचंही तेच, तराजूचंही तेच. तपासणी करणाऱ्याच्या पुढं पुढं आमचं सामान वाड्यांमधल्या आडवाटांनी धावत असायचं, आणि ते धावायचं साहेबांच्या स्कूटरवरून, त्यांच्या दोन पायांच्या मध्ये. मी एकदा म्हटलं, "साहेब, तुम्हीच तपासणारे आणि तुम्हीच पोचवणारे?" तर म्हणाले, "पृथ्वी फिरतेच बाई, आपण फक्त रस्ता द्यायचा."

पथक आलं. एक तरुण अधिकारी मॅडम आणि त्यांच्यासोबत एक जण. मॅडम चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगते. मुलांशी प्रेमाने बोलणाऱ्या, कुठं तोरा नाही. आधी मोठी शाळा झाली. तिथं चहापाणी चाललं होतं तोवर गोल आमच्याकडे पोचला. मॅडम आमच्या वर्गात आल्या, मुलांची गाणी ऐकली, कौतुक केलं, आणि सहज म्हणून गोल फिरवला. बोट खड्ड्यात गेलं. तशाच थांबल्या.

"हा खड्डा मघाशी त्या शाळेत होता," त्या म्हणाल्या.

मुलं माझ्याकडे बघायला लागली. आणि साहेब, ज्यांना वरिष्ठांसमोर कधी धड एक वाक्य बोलताना मी पाहिलं नव्हतं, ते पुढं झाले.

"हो मॅडम, तोच आहे. गोल एकच आहे. पेटीपण एकच. या बाई दर शुक्रवारी तिकडच्या पाचवीला इंग्रजी शिकवतात, तिकडचे सर इकडच्या मुलांची कवायत घेतात. इथल्या मावशींचा हात भाजला तेव्हा तिथून खिचडी येत होती. त्यांच्या स्नेहसंमेलनात आमची पोरं नाचतात. तुम्ही तुलना कशाची करताय? या शाळा वेगळ्या नाहीतच. आमच्याकडे म्हणतात, विहिरी वेगळ्या, खाली पाणी एकच."

ते बोलत होते आणि मला भरून येत होतं. मागं मावशी पदराने डोळे टिपत होत्या. मॅडमसुद्धा एकटक ऐकत होत्या. साहेब थांबले तशा त्या म्हणाल्या, "सर, किती सुंदर बोललात. म्हणजे या दोन्ही शाळा मनाने आधीच एक झालेल्या आहेत. मग कागदावर एक करायला अडचणच काय राहिली?"

साहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी तोंड उघडलं. "पण मॅडम, बावखल बुजवलं की..." तेवढ्यात मॅडमना फोन आला. त्या बोलत बोलत बाहेर गेल्या, गाडीत बसल्या आणि काचेतून आम्हा सगळ्यांना हात केला. इतक्या आपुलकीने की मुलांनीही हात हलवले.

अर्धीच गोष्ट पोचली होती. अर्धी साहेबांच्या तोंडात राहिली, आणि आमची शाळा मिळवायचा आदेश निघाला. त्यानंतर ते केळीत दिसेनासे झाले. आमच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी नमस्कार तेवढा यायचा. मी पाढे घेताना खिडकीकडे बघायची. वारा तोच, सावल्या त्याच, उभं राहणारं कुणी नाही. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. कशाला एवढं छान बोलायला गेले, असं वाटायचं. आणि दुसऱ्या क्षणी त्यांची इतकी कीव यायची की पाढा चुकायचा.

एक मे. झेंडावंदन झालं, मुलांना निकाल वाटले, आणि त्याच दिवशी शाळेचं सामान आणि किल्ल्या सोपवायच्या असं ठरलेलं. मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक आले, कार्यालयातले एक जण आले. अंगणात टेबल टाकलं. सही साहेबांची हवी होती. साहेब झेंडावंदनाला होते, मी स्वतः पाहिलं होतं, कोपऱ्यात उभे राहून राष्ट्रगीत म्हणत होते. आता नव्हते. स्कूटर मात्र जागेवर.

शोधाशोध सुरू झाली. वर्ग पाहिले, स्वयंपाकाची खोली पाहिली. मुख्याध्यापक रस्त्यापर्यंत जाऊन आले. मावशी म्हणाल्या, "विहिरीत बगा कोन तरी." साहेबांच्या बालपणीची ती विहीर मला आठवली. उन्हाचा ताव वाढत होता. फोन लावला तर बंद. कार्यालयातले गृहस्थ घड्याळ बघू लागले.

मग माझं लक्ष मुलांकडे गेलं. सगळी आंब्याखाली बसली होती, हातात निकाल घेऊन, आणि एकही मूल शोधत नव्हतं. इतकी गप्प मी त्यांना कधी पाहिली नव्हती. "तुम्हाला माहितीय, साहेब कुठं आहेत ते?" मी विचारलं.

एकाने नुसतंच म्हटलं, "बाई, ते सांगायचं नसतं."

मी काय करावं? वाटलं, लपू दे त्यांना. दिवसभर लपू दे. सही राहू दे, शाळा राहू दे. पण ते काही खरं नव्हतं, हे मलाही कळत होतं आणि कुठंतरी लपून बसलेल्या त्या माणसालाही कळत असणार. मी तशीच उभी राहिले.

तेव्हा रंजना उठली. निकाल तिने शेजारणीच्या हातात दिला, अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, मोठ्या माणसांच्या टेबलाकडे पाठ करून. छाती भरून श्वास घेतला. वर्षभर जिच्या तोंडून मी हजेरीचा हुंकार ऐकला नव्हता, ती पोर ओरडली, "साईसुट्ट्यो!"

शाळेच्या मागच्या भिंतीला जुन्या रहाटाचं एक लाकडी चाक कित्येक वर्षं टेकवून ठेवलेलं आहे. त्यावर रानवेल इतका माजलेला, की मी त्याला झुडूपच समजत आले होते. तो वेल हलला. आधी एक चप्पल आली, मग गुडघा, मग टकलावर वाळकी पानं घेऊन आमचे केंद्रप्रमुख साहेब अख्खे बाहेर आले. चाक आणि भिंत यांच्यामध्ये एक पोर मावेल एवढी जागा होती. साहेब तिथं कसे मावले ते देवाला ठाऊक.

तीच रंजनाची जागा होती. आणि तीच त्यांची.

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "मी बाद का?"

"नाय," रंजना म्हणाली. "मी बोलली ना साईसुट्ट्यो. कोनच बाद नाय."

तिने पुढं होऊन त्यांच्या गुडघ्यावरची माती झटकली. साहेब उठले, टेबलापाशी आले आणि त्यांनी सही केली. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. कार्यालयातल्या गृहस्थांनी काही विचारलं नाही.

जूनमध्ये मोठी शाळा उघडली. मी ठरल्या वेळेआधी जाऊन फाटकापाशी उभी राहिले, कारण माझी खात्री होती, आपली मुलं येणार नाहीत. आणि बघते तर डंपर थांबलेले, साहेब रस्त्याच्या मधोमध हेल्मेट हातात घेऊन उभे, आणि त्यांच्या मागून आमची रांग चाललेली. रंजनाला त्यांनी आधीच स्कूटरवर घालून आणलं होतं. ती फाटकाशी बसली होती, मांडीवर पृथ्वीगोल, बोट खड्ड्यात. साहेब निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी त्या रस्त्यात उभे राहिले, आणि निवृत्त झाल्यावरही राहतात. फक्त आता त्यांना तिथं उभं राहायचा अधिकार नाही, हे डंपरवाल्यांना कुणी सांगितलेलं नाही.

त्या पहिल्या दिवशी मोठ्या शाळेची मुलं आमच्या मुलांकडे नुसती बघत होती, आणि आमची त्यांच्याकडे. साहेब मध्ये उकिडवे बसले आणि त्या शाळेच्या मुलांना हळूच म्हणाले, "यांना दाखवता का, तुमच्या शाळेत लपायला जागा कुठंय?"

मग चौथीतून पाचवीत गेलेल्या एका मुलाने रंजनाचा हात धरला. तिने गोल माझ्याकडे दिला आणि ती गेली. बाकीची त्यांच्या मागं. कॅमेऱ्यांखालून, चकचकीत फरशीवरून धावत, जिन्यामागं कुठंतरी सगळी दिसेनाशी झाली.

साहेब रस्ता ओलांडून पलीकडच्या केळीत जाऊन उभे राहिले. मीही गेले, गोल कडेवर घेऊन. त्यांनी डोळे मिटले. मी मिटले. सुरुवातीला डंपर आणि पानं तेवढी ऐकू आली. मग हळूहळू ते जाड गुणगुणणं उमटायला लागलं, सगळ्या मुलखांचं, ओळखीचं. मी खूप वेळ कान लावून ऐकलं. आमच्या मुलांचा बारीक आवाज मला त्यात कुठं सापडेना.

"साहेब, आपला आवाज येत नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "येतोय की," ते म्हणाले. "जरा थांबा."